मशिनींखाली गेलेलं बोलणं

झाकण फिरवलं की आधी काहीच येत नसे. मग जिभेच्या मुळाशी लोखंडाची चव, मागोमाग सडक्या अंड्याचा दर्प, आणि सर्वांत शेवटी, अगदी सावकाश, नव्या जीन्सच्या घडीत दडलेला असतो तसा निळीचा गंध. मित्रा, तुझ्या त्या लोणच्याच्या बरण्या अजून खिडकीत रांगेनं उभ्या आहेत. दुपारचं ऊन त्यांच्यातून आरपार जातं आणि फरशीवर जांभळे, गंजके, मोरपंखी डाग पडतात. ते हळूहळू सरकत माझ्या पायांपाशी येतात आणि मी पाय उचलून घेते. पाणी बरणीत बंद आहे, फरशीवर आहे तो नुसता प्रकाश, हे मला समजतं. तरी उचलून घेते.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "मॅडम, आता उन्हालापण घाबरता?"

घाबरते. तू गेल्यापासून भीतीनं माझ्याकडे बिऱ्हाड केलं आहे. ती माझ्याबरोबर जेवते, वर्गात माझ्या खडूला धरून फळ्यावर उमटते, फोन वाजला की माझ्याआधी उठते. तू होतीस तेव्हाही ती होतीच. पण तेव्हा ती आपल्या दोघींत वाटलेली होती, आणि तुझा वाटा तू हसून उधळून टाकत होतीस. आता सगळी माझ्या एकटीच्या ओंजळीत आली आहे.

बदलापूरच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात तू शेवटच्या बाकावर बसत होतीस. संघमित्रा हे तुझं पूर्ण नाव हजेरी घेताना फक्त मीच उच्चारत असे. इतरांना ते तेवढं लांब परवडत नव्हतं. कवितेचा अर्थ विचारला की तू उत्तर देत नसस, कवितेलाच उलट प्रश्न विचारत असस. "मॅडम, हा चंद्र एवढा सुंदर आहे तर कवी रडतोय कशाला? भारनियमन आहे का त्याच्याकडे?" वर्ग हसत असे. मी रागावण्याचा अभिनय करत असे आणि घरी जाताना एकटीच हसत असे.

पुढे काही वर्षांनी बेलवलीच्या आमच्या घराच्या दारात तू उभी राहिलीस. अंगात ढगळ कुडता, खांद्यावर पोस्टमनची असते तसली पिशवी. माझ्या आईनं पाणी दिलं; तू उभ्यानंच प्यालीस.

"मॅडम, टीव्हीसाठी लिहाल?"

"कुठल्या टीव्हीसाठी?"

"आपल्या. केबलच्या. गणपतीत आरत्या आणि एरवी साड्यांच्या सेलच्या जाहिराती दाखवतात ना, त्या चॅनेलवर. रविवारी अर्धा तास देतोय म्हणाला केबलवाला. कॉलेजच्या पोरांसाठी. बातम्या, पण टपल्या मारत मारत."

"मी कविता लिहिते, मित्रा."

"म्हणून तर. तुम्ही लिहा, मी बिघडवते."

उल्हासनगरच्या कॅम्पातली ती खोली पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, ही खोली नव्हे, एखाद्या मोठ्या यंत्राचं पोट आहे. मधे प्लायवूडची एक भिंत, आणि भिंतीपलीकडे भगवंतीआंटींचा जीन्स शिवण्याचा कारखाना. मशिनी चालू असल्या की इकडे टेबलावरचा पेला आपोआप सरकत कडेला येई. अशा खोलीत बोलणं रेकॉर्ड कसं करणार? कॅमेरा, दिवे, संकलन आणि चहाचे कप धुणं ही सारी खाती एकट्यानं सांभाळणारा शहाडचा आपला जितू तेव्हा शांतपणे म्हणाला होता, "मॅडम, लाइट गेली की मशिनी बंद. पण मग माझे दिवेपण बंद. आंटीच्या कारागिरांची चहाची सुट्टी, तेवढीच आपली."

म्हणून कार्यक्रमाचं नाव 'चहात माशी' ठेवलं. पोरापोरींच्या मुलाखती तू कॉलेजच्या फाटकाबाहेर, वडापावच्या गाडीपाशी, मिळेल तिथे घेत होतीस; पण तुझं मुख्य बोलणं, खुर्चीत बसून कॅमेऱ्याकडे पाहत केलेलं, ते त्या सुट्टीतच व्हायचं. आंटी उठायच्या, कारखान्याचा मेन स्विच खाली ओढायच्या, आणि एवढी मोठी घरघर एका श्वासात विझायची. त्यानंतरची शांतता मी तुला कधी नीट सांगू शकले नाही. ती रिकामी नसे. खूप वेळ कानावर ठेवलेला हात कुणीतरी उचलावा तशी ती येई. दूरच्या कुकरची शिट्टी, गल्लीतल्या सायकलची घंटा, स्वतःच्या मनगटातली नाडी, सारं एकाएकी ऐकू येई. मग आंटी प्लायवूडवर कात्रीची मूठ आपटत आणि फटीतून म्हणत, "बोल."

आणि तू बोलत होतीस. दुसऱ्यांदा बोलायची सोय नव्हती. चहा संपला की मशिनी सुरू. त्यामुळे तुझ्या वाक्यांना चरबी उरली नाही. मी लिहिलेली लांबलचक, पदर आवरत चालणारी वाक्यं तू जिन्यावरून उड्या मारत उतरवलीस. फटीशी कारागीर गोळा होत, बशीतला चहा फुंकत ऐकत, आणि ते हसले की तू ओळखत होतीस, हे पोचलं. त्यांचं हसणं कितीतरी भागांत मागे ऐकू येतं. लोकांना वाटे, आपण ते कुठून विकत आणलं आहे.

बरणीची कल्पना तुझी. अंबरनाथच्या त्या प्राचीन देवळाला वळसा घालून येणारं पाणी कॅम्पात पोचेपर्यंत दर आठवड्याला नवा रंग नेसतं, हे आपण सगळेच लहानपणापासून पाहत आलो. तू तेवढं ते टेबलावर ठेवलंस. पुलाखाली उतरून स्वतः बरणी भरायचीस, तिच्या रंगाची ओढणी बाजारातून हुडकून आणायचीस, आणि गंभीर चेहऱ्यानं सांगायचीस, "या आठवड्याची फॅशन आहे वांगी कलर. नदीत हाच चालू आहे. मागच्या आठवड्यात ज्यांनी मोरपंखी घेतला, त्यांनी आता तो घालू नये, आउटडेटेड दिसाल." पुढच्या सोमवारी कॉलेजात अर्ध्या मुली वांगी ओढण्या घेऊन आल्या. माझ्याच वर्गात आल्या. मी तेव्हा खिडकीबाहेर पाहिलं होतं, कारण डोळे भरून आले होते आणि ते का, हे मला सांगता आलं नसतं.

तू नदी म्हणालीस ते माझ्यामुळे. तुला नाला म्हणायचं होतं. "नदी म्हटलं की पब्लिक हात जोडतं मॅडम, नाला म्हटलं की नाक धरतं." मी म्हटलं होतं, नाला म्हटलं की तिला मेलेली धरून चालतात, आणि मेलेल्या गोष्टीत काहीही ओतता येतं. तू लगेच म्हणालीस, "हे बरंय. हेच घेते." इतक्या सहज हार मानणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. इतकं चिवट भांडणारंही.

आपल्या नामावलीत माझं नाव येत नसे. 'लेखन : मंडळी' अशी पाटी जाई. ते मीच मागून घेतलं होतं. घरी आई, नोकरी, लहान गाव. तू कुरकुरत मान्य केलंस. "मंडळी म्हणजे तुम्ही एकट्याच ना? बरंय, कोणी मारायला आलं तर गर्दी समजून परत जाईल."

आणि एकदा ते खरोखर आले. मोटरसायकलवरून दोघं, इस्त्रीचे पांढरे शर्ट. "फॅन आहोत," म्हणाले. तू त्यांना स्टुलं दिलीस आणि विचारलंस, "चहा माशी घालून देऊ की बिनमाशीचा?" एक जण हसला. दुसरा हसला नाही. उठून खिडकीशी गेला, एक बरणी उघडली, वास घेतला, झाकण घट्ट लावलं आणि सांडलेल्या पाण्यानं ओले झालेले हात आपल्या पडद्याला सावकाश पुसले. एवढंच. कोणी आवाज चढवला नाही. पण मी त्या पडद्याकडे नंतर पाठ करून बसू शकले नाही. जितूनं पडदा धुवायला नेला तेव्हा तू म्हणालीस, "राहू दे की डाग, पुरावा आहे," आणि पहिल्यांदाच तुझा आवाज किंचित वरच्या पट्टीत गेला. म्हणजे तुलाही भीती वाटत होती. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. तू ज्या मेहनतीनं ती लपवत होतीस, तिचा मला मान राखायचा होता.

मग टँकर. अंबरनाथच्या कारखान्यांमागे, भर दुपारी, कुणापासून लपवण्याचीही तसदी न घेता, टँकरची नळी नदीत सोडलेली. जितूनं पुलावरून चित्रण केलं, तू खाली उतरून बरणी भरलीस. सलवार पोटऱ्यांपर्यंत भिजवून वर आलीस आणि बरणी उन्हात धरलीस. त्यात रंगच नव्हता. पिण्याच्या पाण्यासारखं नितळ. झाकण उघडलं तर नखरंगाच्या बाटलीला येतो तसा गोडसर वास.

"रंग नाही, मॅडम," तू म्हणालीस. "आता ओढणी कुठली घेऊ?"

त्या नितळपणाची मला जेवढी धास्ती वाटली तेवढी कुठल्याच रंगाची वाटली नव्हती. आपण एवढे दिवस रंगावर हसत होतो, कारण रंग दिसत होता.

टँकर कोणाचा, हे गावात सर्वांना ठाऊक होतं. त्याचं नाव पाणपोईवर आहे, शाळांच्या बक्षीस समारंभांच्या फलकांवर आहे, बसथांब्यांवर आहे. त्या नावावरून आपण भांडलो, आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. मी लिहून आणलं होतं, 'ज्या हातानं पाणपोईचा नळ उघडला, त्याच हातानं टँकरचाही उघडला.' तू वाचलंस आणि कागद टेबलावर ठेवलास.

"छान आहे. हात कुणाचा?"

"कळणाऱ्याला कळतं, मित्रा. प्रतिमेचं तेच बळ आहे."

"कळणाऱ्याला आधीच माहितीये. न कळणाऱ्याचं काय? आणि मॅडम, खरं सांगा, ही प्रतिमा आहे की टरकलीये?"

मी म्हटलं, दोन्ही. तू हसलीस. शेवटी तडजोड अशी निघाली की त्या वाक्यानंतर मी कंसात 'इथे थांब' एवढंच लिहिलं. तू थांबायचं, कॅमेऱ्याकडे पाहायचं, आणि नाव ज्यानं त्यानं मनात घ्यायचं. तू मान डोलावलीस. तुझं मान डोलावणं एरवी मला फसवू शकत नसे. त्या दिवशी मला फसायचंच होतं.

त्या आठवड्यात चहाची वेळ झाली, पण मशिनी थांबल्या नाहीत. आपण वाट पाहिली. मग तू फटीशी गेलीस. भगवंतीआंटी मान खाली घालून बटणं मोजण्याचं निमित्त करत होत्या.

"आंटी, चाय नहीं पिओगे आज?"

"चाय मशीन पे पियेंगे."

"और हमारा?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "छोकरी, मेरा माल वही धोता है. कल उसका आदमी बोलके गया, तुम्हारे बाजू में बहुत आवाज़ होता है आंटी. तू समझ."

आंटींच्या जीन्स त्या टँकरवाल्याच्याच कारखान्यात धुवायला जात होत्या. मी संतापले होते. तू मला बाहेर घेऊन गेलीस. "आंटीवर रागावू नका मॅडम. तिने मशिनी बंद ठेवल्या तर किती घरांची चूल बंद होईल. आपण ओरडून बोलू." आणि तू खरंच ओरडून बोललीस. टेबलावरचा पेला सरकत होता, बरणीतलं नितळ पाणी थरथरत होतं, तुझ्या गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या, आणि माझं एकही वाक्य मला ऐकू येत नव्हतं. कॅमेऱ्यामागे उभी राहून मी फक्त तुझे ओठ पाहत होते. कागद माझ्या हातात होता. 'इथे थांब' आलं.

तू थांबली नाहीस. तुझे ओठ हलले. मिटले, उघडले, परत मिटले.

नंतर तू पाणी प्यालीस, खोकलीस, बसक्या आवाजात म्हणालीस, "पुढच्या वेळी परत घेऊ, आंटीला पटवते मी." मी विचारलं नाही, तू काय बोललीस. तू सांगितलं नाहीस. आपल्यामधलं न बोललेलं सगळ्यात मोठं वाक्य ते.

तो भाग तसाच गेला, कारण रविवारचा अर्धा तास रिकामा ठेवता येत नाही. जितूनं घरघर कमी करायचा प्रयत्न केला तर तुझा आवाजही तिच्याबरोबर खाली गेला. तुला तेव्हा ताप होता. घरी अंथरुणात पडून तू तो पाहिलास, आणि आवाज वाढव म्हणणाऱ्या आपल्या आईला म्हणालीस, "म्यूट कर ग. ओठ वाच." मग डोळ्यांत हळद उतरली, मग सरकारी रुग्णालय, मग ठाणं. उशीजवळ तुझा हात धरला तेव्हा तळवा तव्यासारखा तापला होता आणि बोटांची टोकं थंड होती. एका हातात दोन ऋतू कसे मावतात, असं काहीतरी निरर्थक माझ्या मनात आलं आणि मला स्वतःची लाज वाटली. डॉक्टर म्हणाले, लेप्टो आहे, घाण पाण्यातून येणारा ताप, या दिवसांत वॉर्ड भरलेत, कुठूनही होतो. मी त्यांना तुझ्या भिजलेल्या सलवारीबद्दल सांगितलं, टाचेवरच्या भेगांबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "असेलही. नसेलही."

म्हणजे तुला कोणी मारलं नाही. हे मी रोज स्वतःला सांगते. पण मला वाटणाऱ्या भीतीला एक चेहरा होता, इस्त्रीचा शर्ट होता, पडद्याला पुसलेले हात होते. तिच्याशी मी निदान नजर भिडवू शकले असते. 'असेलही, नसेलही' या शब्दांना डोळे नाहीत. ते नळाच्या पाण्यात आहेत, मी रोज धुते त्या भाजीत आहेत. आता मी पेला तोंडाला लावण्याआधी उजेडात धरते. नितळ दिसला तर जास्त वेळ धरते.

तुझ्या पुण्यानुमोदनाला अंबरनाथच्या विहारात सगळे जमले होते. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्यांचा कोमट वास, तुझ्या फोटोपुढे मोगरा. कॉलेजच्या मुली रंगीत ओढण्या घेऊन आल्या होत्या. कुणी मोरपंखी, कुणी वांगी. एक-दोन वडीलधाऱ्यांनी भुवया उंचावल्या, पण तुझी आई म्हणाली, "असू द्या. तिच्याच आहेत त्या." भगवंतीआंटी डोक्यावर पांढरी ओढणी घेऊन अगदी मागे, चपलांजवळ बसल्या होत्या. त्या भोजनदानाला थांबल्या नाहीत.

मला बोलायला सांगितलं. मी नीट बोलले. इतकी नीट की माझं मलाच परकं वाटलं. तू असतीस तर निम्मं छाटलं असतंस. खाली बसले तेव्हा तुझ्या आईनं माझा हात धरला. तिच्या तळव्यावर कापूर आणि सुकलेल्या फुलांचा चुरा होता.

"मॅडम, एक विचारू? त्या शेवटच्या कार्यक्रमात काय बोलली ती? मी लई कान लावला. नुसता खडखडाट. सगळ्यांना विचारलं. कोणाला कळलं नाही. तुम्ही लिहिता ना तिला, तुम्हाला ठाव असंल."

आजूबाजूला माणसं होती. पुढच्या रांगेत खुर्ची टाकून बसलेल्यांत इस्त्रीचे शर्टही होते, की मला तसं वाटलं. मी म्हटलं, "सांगते मावशी. नंतर सांगते." तिनं माझ्याकडे पाहिलं. तुझे डोळे तिचेच होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. "नंतर म्हंजे कधी, बाई?" ती म्हणाली, आणि हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी घरी फोन आला. आईनं उचलला, बराच वेळ गप्पा मारल्या आणि माझ्याकडे रिसीव्हर देताना कौतुकानं म्हणाली, "किती सभ्य आहे ग मुलगा. माझ्या गुडघ्यांची चौकशी करत होता."

"ताई, जेवण झालं?" आवाज तरुण होता, स्वच्छ होता. "वाईट झालं हो. चांगली बोलायची पोरगी. आम्ही सगळे बघायचो. आता कोण बोलणार, असं म्हणत होतो आम्ही. तसं लिहिणाऱ्या तुम्हीच ना? मंडळी?" तो हलकेच हसला. "काही नाही, सहज केला फोन. आई एकट्याच असतात ना घरी दुपारच्या? गुडघे दुखतात त्यांचे. जपा."

रिसीव्हर ठेवल्यावर माझ्या बोटांवर त्याच्या प्लॅस्टिकचा वास कितीतरी वेळ राहिला. आई विचारत होती, तुझा विद्यार्थी का ग? मी हो म्हटलं.

मित्रा, मी धीट झाले नाही. हे वाचून कोणाला तसं वाटू नये. तुझ्या फोटोकडे पाहून माझ्यात कुठलं बळ संचारलं नाही. झालं ते इतकंच की तुझ्या आईचा हात माझ्या मनगटावरून निघेना. वर्गात शिकवताना, भाजी निवडताना, तो तिथेच होता. कापराचा कोरडा, बारीक वास येत होता. आणि मला उमगलं की तुझं ते बोलणं माझ्याशिवाय कोणापाशी उरलेलं नाही. फीत आहे, पण तिच्यात खडखडाट आहे. कागद आहे, पण कागदात 'इथे थांब' आहे. तू थांबली नाहीस, हे ओळखलेली एकटी मी आहे. कॅमेऱ्याच्या भिंगातून बघणाऱ्या जितूचं लक्ष सरकणाऱ्या पेल्यावर होतं. मी माझ्या आईला मामाकडे सोनिवलीला पोचवलं, चार दिवस राहून ये म्हटलं, आणि काल दुपारी कॅम्पात आले.

जितूनं कॅमेरा स्टँडवर चढवला. दिवे लावले, खुर्ची पुसली, मग स्वतःच थबकून पुसायचा थांबला. नितळ पाण्याची तुझी बरणी मी टेबलावर ठेवली. ओढणी कुठली घ्यावी ते मला ठरवता आलं नव्हतं. मी बिनरंगाची, जुनी पांढरी घेतली होती. खुर्ची तुझ्या बेतानं खाली केलेली होती, माझे गुडघे टेबलाला लागत होते. समोर कॅमेरा. त्याचा तांबडा ठिपका अजून पेटायचा होता. मी एवढी वर्षं त्याच्या मागे होते. समोरून तो कसा दिसतो हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. खोल दिसतो. विहिरीत वाकून पाहिल्यासारखा.

चहाची वेळ झाली. पलीकडे मशिनी चालूच होत्या.

"आंटीला जाऊन सांगू?" जितूनं विचारलं.

"नको," मी म्हटलं. "असंच घे."

आणि आता तुला सांगते ते दुसऱ्या कोणाला सांगू शकणार नाही. मला बरं वाटलं. त्या घरघरीत मला एखाद्या जाड गोधडीत शिरल्यासारखं बरं वाटलं. मी सगळं बोलेन, टँकर, पाणपोई, हात, आणि तुझ्या ओठांवर पाहिलेलं ते नाव अगदी जसंच्या तसं. बोलल्याचं समाधान माझं, आणि ऐकू कोणालाच येणार नाही. तुझ्या आईला मी सांगू शकेन की बोलले. फोनवरच्या त्या सभ्य मुलाला ऐकू येणार नाही. पेला सरकत होता. मी कागद उघडला. 'इथे थांब' खोडून तिथे नाव लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. जितूनं हात वर केला. मी श्वास घेतला.

मशिनी थांबल्या.

सगळ्या, एका श्वासात. पेला टेबलाच्या कडेला जागच्या जागी राहिला. बरणीतलं पाणी स्थिरावलं. दूर कुठे कुकर वाजला, गल्लीतून सायकल गेली, आणि माझी नाडी मला दोन्ही कानांत ऐकू आली, इतकी मोठी की वाटलं, आता हीच रेकॉर्ड होईल. भिंतीपलीकडे कपांचा आवाज झाला नाही. चहा आलाच नव्हता. फटीत कारागिरांचे चेहरे जमत होते. कोणी बशी घेतलेली नव्हती. त्यांच्यामधून वाट काढत भगवंतीआंटी पुढे आल्या. मला त्या कायम 'टीचरजी, आप' म्हणत आल्या आहेत. त्यांच्या हातात कात्री होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तुझ्या खुर्चीकडे पाहिलं. दोन्ही आता एकाच जागी होतं. शांतता तशीच, पूर्वीसारखी, कानावरचा हात उचलल्यासारखी उभी होती, आणि तिच्यात लपायला कुठेही जागा नव्हती.

त्यांनी प्लायवूडवर कात्रीची मूठ आपटली आणि मला म्हणाल्या, "बोल."